कॅसरोल भाजायचं, शेकायचं की नुसतंच ठेवायचं?

फोंड्याची सून: महिला मंडळाच्या अंकासाठी चीज घातलेल्या चिकन-पास्ता कॅसरोलची पाककृती मराठीत लिहितेय. 'सगळं कॅसरोलमध्ये घालून १८० अंशांवर २५ मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा' एवढं सासूबाईंना वाचून दाखवलं, तर त्या ओरडल्याच, "अगो, प्लास्टिक वितळेल!" त्यांच्या लेखी कॅसरोल म्हणजे चपात्यांचा डबा. काय लिहू? आणि 'बेक करणे'ला भाजणे चालेल का?

जुना पाणी: सासूबाईंचं बरोबर. आमच्या लग्नात तसले चार डबे आहेरात आले, दोन अजून माळ्यावर आहेत. भांड्याचं नाव पदार्थाला कसं देणार?

हळदोणकरीण: का नाही? चिकन हंडी खाता तेव्हा मडकं चावता का? फ्रेंचांकडेही कॅसरोल आधी भांडंच होतं.

शुद्धमती: भट्टीभाजा पास्ता म्हणा की. परकीय शब्दांची एवढी लाचारी कशाला?

जुना पाणी: ताई, गोव्यात भट्टी म्हटलं की पास्ता नाही, काजूची फेणी आठवते. अंक हातोहात खपेल, एवढं मात्र खरं.

हळदोणकरीण: 'भाजणे' मला खटकतं. वांगं भाजतो, पापड भाजतो, कोरडा विस्तव लागतो तिथे. इथे चिकन आधीच शिजलेलं, पास्ता व्हाइट सॉसमध्ये बुडालेला. भाजतं ते फक्त वरचं चीज. आतला पास्ता सॉस पीत बसतो, म्हणून तर तो पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोनेक मिनिटं कमी उकडायचा, नाहीतर लगदा. एका क्रियापदात दोन कामं कशी कोंबणार?

बेबिंकप्रेमी: आमची आजी बेबिंका नावाच्या थरांच्या गोड पदार्थात प्रत्येक थराला वरून निखाऱ्यांची धग द्यायची आणि 'भाजप' म्हणायची. (कोकणी क्रियापद. निवडणुकीशी संबंध नाही.) धग वरून आली तरी भाजणंच.

शुद्धमती: कोकणीचा दाखला मराठीला कशाला? भाजणे संस्कृत 'भ्रज्ज्'वरून आलंय, स्वच्छ आणि आपलं.

बेबिंकप्रेमी: मग सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, काय घेता? पोदेर हा शब्द पोर्तुगीज, त्याच्या भट्टीचा फोर्न पोर्तुगीज, पावही पोर्तुगीज.

शुद्धमती: पाव मराठीच. पायांनी कणीक तुडवायचे म्हणून पाव.

हळदोणकरीण: अरे देवा, ते आलंच! पोर्तुगीजमधला पांव आहे हो तो. पायांची गोष्ट मागाहून जुळवलेली. आमच्या पोदेराला सांगितलं तर सायकलवरून उतरून भांडेल.

जुना पाणी: मुद्द्यावर येऊ. 'पोळ्यांचा डबा' आणि 'कॅसरोल' असे दोन शब्द वेगळे ठेवले तर?

बेबिंकप्रेमी: पोळ्यांचा? इथे पोळी पोदेर आणतो, कोंडा लावलेली, आतून पोकळ. तुम्ही म्हणता ती चपाती.

जुना पाणी: आमच्या घरी ती पोळीच! चपाती हॉटेलात मिळते.

शुद्धमती: पुण्याचे दिसता.

जुना पाणी: जन्म म्हापशाचा. आई पुण्याची, तिचा काय दोष?

फोंड्याची सून: मी 'काचेच्या खोलगट भांड्यात' लिहून टाकलंय. क्रियापदाची जागा अजून कोरी आहे, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय.

बेबिंकप्रेमी: पोळीबरोबर खाणार की पावाबरोबर?