मदत हवी आहे: जुन्या मिलला पाणी कुठून यायचं?
नमस्कार मंडळी. मी जुन्या मिलच्या आवाराजवळच राहतो. सोलापुरातली ही पहिली कापडगिरणी, १८७७ ची, मोरारजी गोकुळदासांनी काढलेली, एवढं कुठेही वाचायला मिळतं. माझा प्रश्न पाण्याचा आहे. गिरणी बॉयलरच्या वाफेवर चालायची, आणि सीना नदी तर गावापासून लांब! मग पाणी सिद्धेश्वर तलावाचं, विहिरींचं, की हिप्परग्याच्या एकरुख तलावाचं? तो १८७१ चा, म्हणजे गिरणीच्या आधीचा, म्हणून माझा संशय त्याच्यावर.

कुणाचे आजोबा बॉयलरवर किंवा साचेखात्यात (मागांच्या खात्यात) होते का? घरात जुना गेटपास, फोटो, आवाराचा नकाशा, काहीही चालेल. (भोंग्याच्या आठवणी भरपूर जमल्यात, त्या सध्या राहू द्या.) आणि पाणीपुरवठ्याचे जुने नकाशे बघायला महापालिकेत कुठल्या खात्यात अर्ज करायचा?