गच्चीवरून समुद्र वाकडा दिसतो त्यावरून

जोशीकाका ए-302: अथर्वने काल गच्चीवर अ‍ॅक्शन कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओ बघितला का कोणी? समुद्र आधी कमानीसारखा आणि दहा सेकंदांत चक्क कढईसारखा. म्हणजे पृथ्वी आधी फुगीर, मग खोलगट? मी म्हणतच होतो हे गोल-बिल सगळं लेन्सचं आहे. 2012 साली तो फेलिक्स बॉमगार्टनर फुग्यातून वर जाऊन उडी मारला त्याच्या मागे पण असलाच बाक

संदीप बी-1101: काका अर्धं बरोबर आहे तुमचं. मी लग्नाचे फोटो काढतो त्यामुळे ही कटकट माझी रोजचीच, असली वाईड लेन्स लावली की फ्रेमच्या मधोमध जाणारी रेष सरळ राहते, तीच वर गेली की वर फुगते आणि खाली आली की तिला झोळ पडतो. अथर्वचा हात हलला, क्षितिज वरून खाली सरकलं, बाकी काही झालं नाही. आपला कठडा पण असाच शूट करून बघा, तोही वाकेल 😄

मीनल ए-704: पण मोबाईलच्या पॉइंट फाईव्हमध्ये, म्हणजे त्याच्या वाईड लेन्समध्ये, असं होत नाही ना

संदीप बी-1101: ताई मोबाईल आतल्या आत रेष सरळ करून घेतो. पण त्यात कडेची माणसं ताणली जातात. आरतीचा ग्रुप फोटो काढा, टोकाला उभे असलेले सगळे जाडे. अल्बम दिल्यावर मला फोन येतात त्यावरून

जोशीकाका ए-302: विषय बदलू नकोस. फेलिक्सचं काय?

संदीप बी-1101: तो साधारण 39 किलोमीटरवर होता. पृथ्वी एक मीटर व्यासाचा चेंडू धरला तर त्या मापाने जेमतेम 3 मिलिमीटर वर, मग तिथून एवढा गरगरीत बाक कसा दिसेल, तो बराचसा लेन्सचाच. पण म्हणून सगळाच खोटा असं नाही हो. तेवढ्या उंचीवर क्षितिज नजरेच्या लेव्हलपेक्षा 6 अंश खाली जातं, आणि ते फ्रेमच्या बरोब्बर मधोमध धरलं तरी थोडी कमान उरते. ती लेन्सच्या नावावर टाकता येत नाही

अथर्व बी-603: मग आपल्या गच्चीवरून दिसेल का दादा?

संदीप बी-1101: नाही रे. 45 मीटर उंचीवरून क्षितिज 24 किलोमीटरवर, एवढ्यात बाक डोळ्याला कळतच नाही. गच्चीवरून कमान दिसली तर समज लेन्स, आणि सरळ दिसलं तर पृथ्वी सपाट असंही होत नाही. या फोटोवरून दोन्हीकडच्यांनी भांडूच नये

जोशीकाका ए-302: आणि ते 83 पट झूमच्या कॅमेऱ्याने व्हिडिओ काढणारे? बोट दिसेनाशी होते, झूम केलं की परत येते. ते मी स्वतः बघितलंय

संदीप बी-1101: ती बोट लांब गेल्यामुळे बारीक झालेली असते काका, क्षितिजापलीकडे गेलेली नसते. मोठं मालवाहू जहाज बघा, आधी बूड जातं, वरचे कंटेनर दिसत राहतात, कितीही झूम करा बूड परत येत नाही. किनाऱ्यावर उभं राहिलं तर क्षितिज 5 किलोमीटरच्या आतच असतं त्यामुळे तिथून जास्त चांगलं कळतं. फक्त भर दुपारी नको, तापलेल्या हवेत सगळं लवलवतं

मीनल ए-704: रविवारी सकाळी जाऊया का सगळे? मी पोहे आणते

जोशीकाका ए-302: येतो. पण झूम मी करणार, आणि जहाज पण मीच निवडणार.