चर्चा: एमआयटी-बीएसडी या मोकळ्या (ओपन सोर्स) परवान्यांखालचा कोड कंपन्यांनी फुकट वापरला, पण सपोर्ट कोणी द्यायचा?

माळरान
जानेवारी २०२२. लॉग४जे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतल्या सुरक्षेच्या भगदाडामुळे सगळ्या आयटीवाल्यांची झोप उडालेली. तेव्हा कर्ल या नेटवरून डेटा आणणाऱ्या-पाठवणाऱ्या टूलचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांना एका बड्या कंपनीचा मेल आला: तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉग४जे आहे का, तुम्हाला फटका बसला का, काय उपाय केलेत, २४ तासांत कळवा. कर्ल सी भाषेतलं, लॉग४जे जावामधलं, म्हणजे संबंधच नाही. त्यांनी कळवलं, सपोर्टचा करार करा, सगळी उत्तरं देतो. कंपनीच्या पुढच्या मेलची सुरुवात होती 'हाय डेव्हिड'.

फुकट वापरण्याला माझी हरकत नाही, परवानाच तसा आहे. पण त्याच परवान्यात 'जसं आहे तसं, कुठलीही हमी नाही' हेही लिहिलेलं असतं. ते न वाचता लेखकाला व्हेंडर समजून डेडलाइन देणं मला संतापजनक वाटतं. २०१४ला हार्टब्लीड ही सुरक्षेतली मोठी चूक उघड झाली, तेव्हा निम्मं इंटरनेट ज्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीवर चालत होतं, त्याला वर्षाला जेमतेम २००० डॉलर देणगी मिळत होती. ज्या कोडवर धंदा उभा आहे त्याच्या देखभालीचा खर्च कंपनीने बजेटमध्ये धरलाच पाहिजे.

सह्यकडा
मेल उद्धट होता, मान्य. बाकी सहमत नाही. बीएसडी परवाना निवडणारा समजून-उमजून निवडतो. आधी 'घ्या, वापरा' म्हणायचं आणि कंपनी मोठी झाली की नैतिक बिल पाठवायचं, हे पटत नाही.

शिवाय कंपन्या काही देतच नाहीत हे खरं नाही. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ सर्व्हर फ्रीबीएसडी या बीएसडी परवान्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. परवाना त्यांच्याकडे एक ओळही परत मागत नाही, तरी ते आपले बदल मूळ प्रकल्पात देतात. कारण स्वतःचे पॅच (कोडमधले बदल) स्वतःजवळ ठेवले तर दर नव्या आवृत्तीशी जुळवत बसावं लागतं, आणि ते महाग पडतं. पोस्टग्रेस या डेटाबेसचंही तेच. कोणा एका कंपनीची मालकी नाही, पण कोअरवर, म्हणजे मूळ कोडवर काम करणारे बरेच जण कुठे ना कुठे पगारावर आहेत. आपल्या पुण्यात ईडीबी या पोस्टग्रेसवरच्या कंपनीच्या ऑफिसातले लोकही त्यात आहेत. स्वार्थातून आलेलं हे काम देणगीपेक्षा जास्त टिकतं.

माळरान
पोस्टग्रेस मोठं आहे, तिथे स्वार्थ जुळतो. एक्सझेडचं काय? जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असलेली, डेटा दाबून लहान करणारी ती लायब्ररी एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकला होता, तसं त्याने मेलिंग लिस्टवर लिहिलंही होतं. कोणी तरी मदतीच्या नावाखाली दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि चोरदरवाजा घुसवला. मार्च २०२४मध्ये तो सापडला, कारण आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरना एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. इतक्या कंपन्या ते वापरत होत्या, एकीलाही त्या माणसाच्या जोडीला कोणी द्यावंसं वाटलं नाही.

उंबरठा
मग सुरुवातीलाच एजीपीएल लावा, म्हणजे कोड बदलून सेवा चालवणाऱ्याला ते बदलही खुले करावे लागतात. रेडिस हा डेटाबेस २००९पासून बीएसडीखाली होतं. मार्च २०२४मध्ये रेडिसच्या कंपनीने परवाना आवळला आणि आठवडाभरात रेडिसच्याच जुन्या कोडवरून लिनक्स फाउंडेशनखाली वाल्की उभं राहिलं. पाठीशी अ‍ॅमेझॉन, गूगल, ओरॅकल. मे २०२५मध्ये रेडिसने एजीपीएलचा पर्याय दिला, पण तोवर लोक निघून गेले होते. माणसं आणि पैसा कंपन्यांकडे होता, गरज पडली तेव्हा लगेच बाहेर आला.

सह्यकडा
@उंबरठा, अ‍ॅमेझॉनचे इंजिनिअर आधीपासून रेडिसच्या कोअरमध्ये काम करत होते. म्हणूनच वाल्की इतक्या लवकर उभं राहिलं.

खातेवही
मी एका मध्यम कंपनीच्या खरेदी विभागात आहे. आमच्या डेव्हलपरांनी एका लायब्ररीला पैसे द्यायचं ठरवलं, साहेबांनी होही म्हटलं. पुढे गाडी अडली. 'देणगी' कुठल्या हेडखाली टाकायची? व्हेंडर कोड नाही, पीओ (खरेदीची ऑर्डर) नाही, इन्व्हॉइस नाही. माणूस परदेशात, म्हणजे टीडीएसचा प्रश्न आणि परदेशी पैसे पाठवायचा आयकराचा फॉर्म १५सीए. फाइल अजून टेबलावर आहे. तीच रक्कम 'एएमसी' (देखभालीचा वार्षिक करार) म्हणून आली असती तर त्याच दिवशी सही झाली असती. झेरोधाने २०२४मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा फ्लॉस फंड काढला, पण तसं करायला मालकच त्या विचाराचा लागतो. बाकीच्यांसाठी लेखकांनी सरळ एएमसीचं इन्व्हॉइस पाठवावं.

सह्यकडा
हे पटलं. सेवा विका, पैसे घ्या. स्टेनबर्गही आता कर्लचा सपोर्ट विकूनच काम करतात.

माळरान
खातेवही, तुमची अडचण खरी आहे. पण एएमसी घेतली की रात्री फोन उचलावा लागतो. एक्सझेडवाल्या माणसाला आणखी एक ग्राहक नको होता, हाताखाली दुसरा माणूस हवा होता. तुमच्या कंपनीने तुमच्याच एका डेव्हलपरचा आठवड्यातला एक दिवस त्या लायब्ररीला दिला तर पीओही लागणार नाही आणि १५सीएही. साहेबांना हे विचारून बघाल का?