कॅरेक्टर अ‍ॅरे लॅबमध्ये कोरा, घरी कचरा छापतो, असं का?

कल्याणस्लो:
फर्स्ट इयरला आहे, उद्या सी भाषेचं प्रॅक्टिकल. फंक्शनच्या आत १० कॅरेक्टरचा अ‍ॅरे घेतला, काहीच न भरता प्रिंटएफला परसेंट एस (%s, म्हणजे मजकूर छाप) लावून छापला, तर लॅबच्या टर्बो सी कंपायलरवर कोरी ओळ आणि घरी जीसीसी कंपायलरवर विचित्र चिन्हं, कधी ३ कधी १४, अहो अ‍ॅरे तर १० चा आहे ना?? मग अ‍ॅरे काढून कॅरेक्टर पॉइंटर घेतला नि त्यात स्कॅनएफने नाव वाचलं, लॅबमध्ये नाव नीट येतं, घरी थेट सेगमेंटेशन फॉल्ट येऊन प्रोग्रॅम बंद. माझ्या लॅपटॉपचं सेटिंग गंडलंय का?

जुनासीवाला:
सेटिंग वगैरे काही नाही गं, प्रोग्रॅम दोन्हीकडे चुकलेलाच आहे, टर्बो सी फक्त बोंब मारत नाही. फंक्शनच्या आतल्या लोकल अ‍ॅरेला स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) १० बाइट मिळतात पण ते कोणी पुसून देत नाही, आधीच्या फंक्शनने टाकलेलं तसंच पडून असतं. आणि अ‍ॅरे केवढा हे परसेंट एसला कळतच नाही, त्याला फक्त सुरुवातीचा पत्ता मिळतो, तिथून बॅकस्लॅश झीरो (मजकूर संपल्याची खूण, शून्य बाइट) सापडेपर्यंत छापत सुटतो, नाही सापडला तर अ‍ॅरे ओलांडून पलीकडचंही छापतो. लॅबमध्ये पहिलाच बाइट शून्य निघाला असणार. डिक्लेअर करतानाच महिरपी कंसात शून्य दे, दहाच्या दहा बाइट शून्य.

पॉइंटरचं दुखणं वेगळं. अ‍ॅरेला निदान स्वतःची जागा असते, पॉइंटरकडे फक्त एक पत्ता मावेल एवढीच, ६४ बिटवर ८ बाइट, आणि तू तो पत्ताच भरला नाहीस. लोकल ट्रेनमध्ये सापडलेल्या चिठ्ठीवरच्या पत्त्यावर पार्सल धाडण्यातला प्रकार.

बगशोधक:
+१. टर्बो सी जुन्या डॉस सिस्टिमचा, तिथे मेमरी प्रोटेक्शनच नाही, कुठेही लिहा कोणी अडवत नाही. कधी प्रोग्रॅम संपताना 'नल पॉइंटर असाइनमेंट' दिसतं ना, तेवढीच काय ती कुरकुर. लिनक्सवर कर्नल (सिस्टिमचा गाभा) सरळ प्रोग्रॅम मारतो. जीसीसीला डॅश वॉल (-Wall, वॉर्निंग दाखवणारा ऑप्शन) लावून बघ, पॉइंटरच्या ओळीवर वॉर्निंग यायला हवी.

कल्याणस्लो:
ओके आली वॉर्निंग 😅 मग पॉइंटरला मॅलॉकने मेमरी मागून देऊ की स्टॅटिक करू?

जुनासीवाला:
मॅलॉक कर, नाहीतर आधी अ‍ॅरे घेऊन त्याचा पत्ता दे. मॅलॉकची जागाही कचऱ्यासकटच येते हां, शून्य हवं तर कॅलॉक. स्टॅटिक अ‍ॅरे आपोआप शून्याने भरतो, पण स्टॅटिक पॉइंटर नुसता नल (कुठलाच पत्ता नसलेला) होतो, जागा मिळतच नाही, स्कॅनएफ परत आपटणार. आणि १० च्या अ‍ॅरेला स्कॅनएफमध्ये परसेंट ९ एस लिही, एक बाइट बॅकस्लॅश झीरोला लागतो, व्हायव्हात हमखास विचारतात.