उसन्या पैशांपोटी जुनी ३१५ (०.३१५ इंच नळीची) रायफल घ्यावी का?

रानवाट: समजा, उसने दिलेले तुमचे ८० हजार अडकलेत, देणेकऱ्याकडे रोकड नाही आणि तो म्हणतोय, "आजोबांच्या वेळची शिकारीची ३१५ घे, फिट्टंफाट." माझं मत: तुमच्या परवान्यावर रायफलीची जागा मोकळी असेल तर घ्यावी. पैशाऐवजी दुसरं काही घेऊन देणं मिटवायला करार कायद्याचं कलम ६३ परवानगी देतं. शिवाय इशापूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यातली रायफल नीट सांभाळली तर भंगारात जात नाही. बुडीत पैशापेक्षा हातातली वस्तू बरी.

हिशेबनीस: हातातली वस्तूच तुम्हाला आत घालेल. शस्त्र कायदा १९५९, कलम ५ वाचा. मालकाने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचं, मग किमान ४५ दिवस थांबायचं, त्याआधी हस्तांतर नाही. आणि 'हस्तांतर' म्हणजे फक्त विक्री नव्हे. उसनं देणं, भाड्याने देणं, नुसता ताबा सोडणंसुद्धा त्यात येतं. त्यामुळे "पैसे देईपर्यंत तुझ्याकडे ठेव" हा गावाकडचा तोडगासुद्धा गुन्हाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगायला किमान २ वर्षं आणि बेकायदा हस्तांतराला किमान ७ वर्षं कैद.

दुसरं म्हणजे 'आजोबांच्या वेळची'. आज परवाना कुणाच्या नावावर आहे? आजोबा गेले आणि वारसाने स्वतःच्या नावाने परवाना काढला नसेल, तर जे स्वतःकडेच कायदेशीर नाही ते तो तुम्हाला काय देणार?

रानवाट: वारसाचा मुद्दा मान्य. पण ४५ दिवस म्हणजे काही जन्मठेप नाही. तोवर रायफल त्याच्याकडेच राहू द्या किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा.

हिशेबनीस: राहू द्या की. पण उसन्या पैशांसाठी कोर्टात दावा लावायची मुदत ३ वर्षांत संपते, ती रायफलीसाठी थांबत नाही. आधी देणेकऱ्याकडून "इतके देणं आहे" असं सहीनिशी लिहून घ्या, तेही मुदत संपायच्या आत, म्हणजे मुदत नव्याने मोजली जाते. पैसे घेताना त्याने लिहून दिलेली वचनचिठ्ठी परत करायची ती रायफलीची नोंद तुमच्या परवान्यावर चढल्यावरच. फाईल अडली आणि पावती आधीच दिलेली असली, तर रायफलही नाही नि पैसेही नाहीत.

तेलचिंधी: कागदांवर भांडताय, नळी कुणी पाहिली? ३१५ ची बांधणी ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीची, तिचा बोल्ट (काडतुसामागे बंद बसणारा सरकता दांडा) मागच्या बाजूला पक्का बसतो. बोल्टवरचा आणि रिसीव्हरवरचा (बोल्ट ज्यात सरकतो त्या धडावरचा) नंबर एकच हवा, तोच आकडा परवान्यावर हवा. हाताने लिहिलेल्या जुन्या परवान्यात १ आणि ७ ची गल्लत सहज होते. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर काडतुसामागे फट राहते आणि काडतुसाचं पितळ बुडाजवळ फाटतं. त्याच रायफलीतून उडालेलं रिकामं काडतूस बघायला मागा. बुडाच्या थोडं वर चकचकीत गोल रेघ दिसली तर मिटवामिटवी तिथेच थांबवा.

मग बोल्ट काढा, मागे पांढरा कागद धरा आणि नळीच्या तोंडाकडून आत पाहा. आट्यांमध्ये (नळीच्या आतल्या पीळदार खाचांमध्ये) काळे ठिपके म्हणजे गंजाने खाल्लेलं पोलाद. जुन्या काडतुसांच्या टोपीतलं (दारू पेटवणाऱ्या भागातलं) मीठ नळीत राहतं, हवेतली ओल ओढतं. नुसत्या तेलाने ते निघत नाही, आधी पाणी लागतं. कोकणातल्या चार पावसाळ्यांत माळ्यावर ठेवलेली नळी बघा, मग कळेल. लाकूड यंत्रामागे जिथे मानेसारखं बारीक होतं, तिथे तडा शोधा. तेल लावून चमकवलेला दस्ता असेल तर दोनदा शोधा.

रानवाट: हे सगळं ठीक निघालं तर?

तेलचिंधी: तर किंमत विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि ती देण्यातून वजा करा. ८० हजार हा तुमच्या उसनवारीचा आकडा झाला, रायफलीचा नव्हे.

हिशेबनीस: मी तर म्हणतो, देणेकऱ्यालाच विक्रेत्याकडे विकायला लावा, कळवून, नियमाने. पैसे बँकेतून घ्या. भाव कमी येईल, कारण रायफलीचा परवाना असलेली गिऱ्हाइकं मोजकी. पण तोटा रुपयांतच राहील.

रानवाट: आणि शेतात डुक्कर घुसतात त्यांचं काय? रोख पैशाने ते पळत नाहीत.

हिशेबनीस: परवाना पीकसंरक्षणाचा असला तरी डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. शेत अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत असेल तर नव्या परवान्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची संमतीही लागते. आधी नकाशा काढा.