अबोला असताना प्रभुभोजन घ्यावं का?

नगरकर
आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. गेल्या वेळी एकाच बाकावर दोन सख्खे भाऊ होते. शेताच्या बांधावरून सहा वर्षं अबोला. थोरल्याने चिमुकला पेला उचलला आणि पेल्यांचं ताट धाकट्याच्या डोक्यावरून मागच्या बाकाला दिलं! मत्तय ५ मध्ये येशू सांगतो, अर्पण वेदीपुढेच राहू दे, आधी जाऊन भावाशी समेट कर. पाळकांनी अशांना समेट होईस्तोवर थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

संगमनेरहून
मला नाही पटत. मेज प्रभूचं आहे, पाळकांचं नव्हे. लूक २२ वाचा, येशूला धरून देणाऱ्याचा हातही त्याच मेजावर होता. आणि थांबवणार किती जणांना? बांधावरचं भांडण गावाला दिसतं. पण मुलीला स्थळ आलं की 'मूळचे कोण?' असं हळूच विचारणारे आपल्यातच आहेत. रोटी एक झाली, बेटीचं काय?

नगरकर
त्यांनीही थांबावं. करिंथच्या पहिल्या मंडळीत पैसेवाले आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. प्रेषित पौल म्हणाला, हे प्रभुभोजनच नव्हे. पंक्तीतली वागणूक सोडून वेगळा विश्वास त्याला ठाऊकच नव्हता.

वसईची
मी कॅथलिक, नवरा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा. १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन त्यांची मंडळी झाली, आमच्या घरात मात्र मेजं अजून दोनच. मिस्साला, म्हणजे आमच्या उपासनेला, मी ख्रिस्तप्रसादाची भाकर घ्यायला उठते, तो बाकावर बसून राहतो. दर वेळी पोटात तुटतं. तरी शिकवण वेगळी असताना एकीचा देखावा नको, असंच मला वाटतं. ख्रिस्तप्रसादाआधी शांतीची खूण करताना आम्ही हात जोडून एकमेकांकडे वळतो. आदल्या रात्री भांडण झालेलं असलं की ते दोन हात जोडणं फार जड जातं. पण घरी परतताना आम्ही बोलत असतो.

संगमनेरहून
ताई, हे अगदी पटलं. तुमच्याकडचं थांबणं शिकवणीपोटी आहे, दादा सांगतात ती शिक्षा. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आपण बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच उठवायचं?

नगरकर
उठवायच्या आधी त्यांच्या ओसरीवर जायचं, हे मी लिहायला हवं होतं. शनिवारी पाळक आणि मी थोरल्याकडे जातोय. धाकट्यालाही तिथेच बोलावलंय. येतो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.