बारा वर्षांच्या खंडानंतर सिस्टरला वॉर्डात घ्यावं की नाही?

पाचपाखाडीची_सिस्टर
२०११ ला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाले. ठाण्यातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये चौदा महिने ड्युटी केली, मग लग्न, मुलगी आणि शेवटची चार वर्षं सासूबाईंचा पॅरालिसिस. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मात्र दर पाच वर्षांनी रिन्यू करत आले. गेल्या महिन्यात घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलात मुलाखतीला गेले. मेट्रनबाईंनी फाइल उघडली, तारखा पाहिल्या आणि बंद केली. म्हणाल्या, "यापेक्षा फ्रेशर बरी."

मला हे पटत नाही. आमच्यासारख्यांना दोन-तीन महिने अनुभवी स्टाफच्या जोडीला ड्युटी द्या. तोवर पूर्ण पगार नका देऊ हवं तर. सासूबाईंना मी चार वर्षं रायल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने) फीड दिलं, दर दोन तासांनी कूस बदलली. त्या गेल्या तेव्हा पाठीवर एकही बेडसोर नव्हता. हे काम फाइलमध्ये कुठे लिहायचं?

नेरुळ_इन्चार्ज
तुमच्या सेवेबद्दल मनापासून आदर आहे, तरी मी विरोधात आहे. घरी एक पेशंट असतो, वॉर्डात तीस.

अशीच मोठ्या खंडानंतर आलेली एक सिस्टर माझ्या हाताखाली होती. संध्याकाळचं २० युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. वायल (औषधाची बाटली) होती मिलीला १०० युनिटची, हातात आली मिलीला ४० युनिटच्या खुणांची सिरिंज. तिने २० च्या खुणेपर्यंत भरली. म्हणजे अर्धा मिली, ५० युनिट! अडीचपट डोस. शेजारच्या बेडवर कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत बसवायची नळी) लावणाऱ्या मुलीची नजर सिरिंजवर गेली म्हणून पेशंट वाचला. नाइटला दोन जणी असताना कोण कोणाच्या हाताकडे बघणार?

ऐरोली_ब्रदर
मॅडम, ही चूक खंडामुळे झाली असं मला वाटत नाही. ४० ची लाल टोपीची आणि १०० ची केशरी टोपीची सिरिंज एकाच ट्रेमध्ये पडलेली असेल, तर कॉलेजातून कालच बाहेर पडलेली मुलगीही तेच करेल. आमच्या वॉर्डात ४० च्या सिरिंज ठेवायच्याच बंद केल्या, कारण वायल सगळ्या १०० च्या येतात. इन्सुलिन भरलं की दुसऱ्याला दाखवूनच द्यायचं. दाखवायला दुसरं माणूस नसेल तर ती स्टाफची कमतरता झाली. त्याचं खापर ताईंच्या बारा वर्षांवर का फोडायचं?

कोपरखैरणे_८७
मी नऊ वर्षांनी परत आले, म्हणून सांगते. ताई, "पूर्ण पगार नका देऊ" हे मुलाखतीत चुकूनही बोलू नका! मला ट्रेनी म्हणून सहा महिने निम्म्या पगारावर ठेवलं आणि तिसऱ्या आठवड्यात नाइटला एकटीला उभं केलं. जबाबदारी पूर्ण, सही माझी, पगार निम्मा. जोडीला कोण आणि किती दिवस, हे लेखी घ्या. नाहीतर जाऊच नका.

बाळकुम_रहिवासी
माझे वडील गेल्या वर्षी आयसीयूत होते. राग मानू नका, पण त्यांच्या उशाशी मला रोज औषधाचा पंप हाताळणारीच सिस्टर हवी.

पाचपाखाडीची_सिस्टर
दादा, तुमच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. आयसीयू मी मागतच नाहीये.

नेरुळ_इन्चार्ज
ब्रदरचा सिरिंजचा मुद्दा मान्य. उद्याच आमचा ट्रे बघते. तरी माझं म्हणणं, जनरल वॉर्ड लगेच नको. आधी ओपीडी, इंजेक्शन रूम, लसीकरण. तिथे हात बसतो आणि विचारायला कोणीतरी असतं. येण्याआधी बीएलएसचा, म्हणजे हृदय बंद पडल्यावर करायच्या प्राथमिक उपचारांचा कोर्स करून घ्या. आपण शिकलो तेव्हा आधी श्वासमार्ग बघायचो, आता आधी छाती दाबायची : ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. कचऱ्याचे नियमही २०१६ ला बदलले. सुई पांढऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, काचेची वायल निळ्या डब्यात. मुलाखतीत मी पहिलं हेच विचारते.

कोपरखैरणे_८७
ओपीडीत वर्ष काढलं की तिथेच अडकवतात मॅडम. पुढे वॉर्ड मागितला की म्हणतात, "वॉर्डचा अनुभव कुठाय?"

नेरुळ_इन्चार्ज
हे होतं खरं. म्हणून तीन महिन्यांनी बदली, हेही लेखीच घ्यावं. पण सुरुवात ओपीडीतून, यावर मी ठाम आहे.

पाचपाखाडीची_सिस्टर
पगाराचं माझं बोलणं मागे घेते. काल रात्री मुलगी झोपल्यावर जुनी वही काढली. एक लिटर सलाइन, आठ तास, मिलीला २० थेंबांचा सेट. उत्तर आलं मिनिटाला ४२ थेंब. पुन्हा करून पाहिलं, तेच आलं. सोमवारी बीएलएसची चौकशी करते. ओपीडी चालेल, पण वॉर्डात गेल्यावर नाइटला जोडीला कोणीतरी हवंच, हे मी मुलाखतीत आधीच सांगणार आहे.